बी.एड. करू का? आधी इयत्ता सांगा

बडोदा, इंदूर, हैदराबादकडच्या आपल्या मुलामुलींचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, शिक्षक व्हायचंय, बी.एड. करू ना?" मी उलट विचारतो, कोणत्या इयत्तेला शिकवायचंय? फौजेत आधी ठिकाण ठरतं, मग वाट.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर 2 वर्षांचं डी.एल.एड. लागतं. बी.एड. झालेल्यांनाही 2018मध्ये हे वर्ग खुले केले होते. ऑगस्ट 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलं. बी.एड. मोठं, म्हणजे लहान वर्ग त्यात आलेच, या समजात मुलांची 2 वर्षं आणि आईवडिलांचे पैसे जातात. मला निकाल पटला. सहा वर्षांच्या पोराला अक्षरओळख करून देणं हे काम निराळंच आहे.

सहावीपासून पुढे पदवी आणि बी.एड. त्यातले 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. ते टाळणारं कॉलेज तुम्हीच टाळा.

मग आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी पात्रता परीक्षा. केंद्राच्या सीटीईटीत 150 प्रश्न, 150 मिनिटं, खुल्या गटाला 90 गुण हवेत. चुकलं तर गुण कापत नाहीत. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. आणि हो, राज्य कोणतंही असो, भाषेच्या पेपरात मराठी घेता येते!

कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, ते आधी बघा. फी नंतर भरा.