काचेचा गोळा खरा दिसायला हवा? आतलं चित्र उलटं करा

सुर्ला (डिचोली) : फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील 88 खाण लीज रद्द केल्या आणि खाणपट्ट्यातील गावांत रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. घरबसल्या शिकता येण्यासारखं एक काम म्हणजे बॅनर-पत्रिकांचं डिझाईन. त्यातला काचेचा गोळा असा करावा.

‘गिंप’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात गावचा फोटो उघडा, गोल भाग निवडून नव्या लेयरवर घ्या आणि तो लेयर 180 अंश फिरवा. भरीव काचेच्या गोळ्यातून मागचं दृश्य उलटंच दिसतं. नवशिके इथंच चुकतात. पोकळ फुगा दाखवायचा असेल तर मात्र चित्र सुलटंच ठेवा.

मग ‘अप्लाय लेन्स’ फिल्टर लावा. साध्या काचेचा अपवर्तनांक साधारण 1.5 असतो, तोच आकडा भरा. कडा थोडी काळपट करा. उजेड येतो त्या बाजूला पांढरा ठिपका, विरुद्ध बाजूला सावली. सावलीच्या मध्यभागी उजेडाचा डाग हवाच, कारण गोळा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो. तो डाग नसेल तर काचेऐवजी नुसता चेंडू दिसतो आणि गिऱ्हाईक काम परत पाठवतं.