नेम कोठें चुकतो?

एकाच मनुष्यानें, एकाच रायफलींतून, एकाच बैठकींत झाडलेल्या पांच गोळ्या काल रुपयाएवढ्या जागेंत बसाव्या आणि आज त्याच गोळ्या तळहाताएवढ्या जागेंत विखुराव्या, हा अनुभव दुर्बीण लावलेली रायफल वापरणाऱ्या पुष्कळांस येतो. मग नेमबाज स्वतःच्या हातास दोष देतो, वडील माणसें त्याच्या चंचल चित्तास देतात, आणि दुकानदार अधिक किमतीची दुर्बीण सुचवितो. यांपैकीं कोणाचाहि निर्णय परीक्षेवांचून मान्य करूं नये. चुकीच्या निदानाची किंमत केवळ पैशाची नसते. ज्या तरुणाचा हात निर्दोष आहे, त्याचा त्या हातावरील विश्वास एखाद्या सैल स्क्रूपायीं नाहींसा होतो.

आपल्या नैयायिकांनीं कारण ओळखण्याची जी रीत घालून दिली आहे, ती येथें जशीच्या तशी उपयोगीं पडते. जें असतां कार्य घडतें तो अन्वय, आणि जें नसतां तें घडत नाहीं तो व्यतिरेक. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. एकाच दिवशीं स्क्रू आवळले, नळी पुसली आणि काडतुसेंहि नवीं आणलीं, तर रायफल सुधारली तरी कशानें सुधारली हें कळत नाहीं. आणि दोष पुन्हां उद्भवला म्हणजे सारें प्रथमपासून आलें.

आरंभीं दोषाचें स्वरूप पाहावें. गोळ्यांचा पुंजका घट्ट आहे, पण एकंदर एकीकडे सरकला आहे, तर बहुधा दुर्बीण किंवा तिची बैठक हलली आहे. पुंजकाच विसकटला असेल, तर शोध अधिक व्यापक करावा लागतो. तीन गोळ्यांवरून मात्र कांहींच ठरवूं नये. तीन गोळ्या जवळ बसणें हा पुष्कळदां काकतालीय न्याय असतो. पांच-पांच गोळ्यांचे दोन-तीन पुंजके पाहावे, तेव्हां अनुमानास आधार मिळतो.

नंतर रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी व स्क्रूंकडे वळावें. दुर्बिणीच्या बैठकीचे, तिला धरणाऱ्या कड्यांचे, आणि नळीसह सारी यंत्ररचना लांकडी दस्त्यास जोडणारे, असे तिन्ही प्रकारचे स्क्रू तपासावे. ते मनगटाच्या जोरावर आवळूं नयेत. कारखानदारानें दिलेल्या मापाप्रमाणें, जोर मोजणाऱ्या पान्यानेंच आवळावे. कडीं अति आवळल्यास दुर्बिणीची नळी चेपते.

हा दोष क्षुल्लक नव्हे, याची साक्ष दुसऱ्या महायुद्धांत मिळते. ब्रिटिश सैन्याची ‘नंबर ४ टी’ ही रायफल १९४२ पासून तयार होऊं लागली. निवडक रायफलींवर दुर्बीण बसविण्याचें काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित कारखान्याकडे होतें. तरीहि गोळीच्या धक्क्यांनीं पुढील बैठकीचे स्क्रू सैल होत. म्हणून ते हलूं नयेत यासाठीं त्यांच्या कडेस टोंचा मारून ते जागच्या जागीं पक्के करीत. दुर्बिणीचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे, कीं एकीची दुर्बीण दुसरीवर चढूं नये. ज्यांच्या प्राणांचा प्रश्न होता, त्यांनीं नशिबास दोष न देतां स्क्रूची व्यवस्था केली.

स्क्रू ठीक असतील, तर दुर्बीण पाहावी. रायफल टेकूवर स्थिर ठेवून, तिला स्पर्श न करितां, डोळा किंचित् इकडेतिकडे हलवावा. आंतील तारांची फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसली, तर डोळ्याच्या जागेप्रमाणें नेमहि बदलणार. मग चाक्यांची परीक्षा घ्यावी. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. अनेक दुर्बिणींत चाकीचा एक टप्पा पाव कलेचा असतो, व त्यानें १०० मीटरांवर गोळी सुमारें ७ मिलिमीटर सरते. तितकेच टप्पे वर, उजवीकडे, खालीं व डावीकडे फिरविल्यावर गोळी मूळ जागीं परत आली पाहिजे. न आल्यास खात्रीची दुसरी दुर्बीण लावून पाहावी. दोष गेला, तर व्यतिरेक सिद्ध झाला.

मोकळी ठेवण्याची रचना असलेली नळी दस्त्यास कोठें टेकते काय, हें मधून कागदाची पट्टी सरकवून कळतें. तापलेली नळी थंड होऊं द्यावी. काडतुसें एकाच खेपेचीं घ्यावीं, कारण एकाच नांवाच्या दोन खेपांतहि फरक पडतो. प्रत्येक वेळीं काय बदललें व काय घडलें, तें वहींत तारखेनिशीं लिहावें.

एवढें झाल्यावर तीच रायफल दुसऱ्या कसलेल्या नेमबाजाच्या हातीं द्यावी. त्याच्या हातींहि गोळ्या विखुरल्या, तर दोष अद्यापि वस्तूंतच आहे. त्याच्या गोळ्या एकत्र बसल्या, तरच श्वास, खांदा आणि चापावरील बोट यांचा विचार करावा. घरांतील मुलास ‘तुझें लक्षच नसतें’ असें म्हणण्याचा अधिकार वडीलमाणसांस तेव्हां प्राप्त होतो. तोंवर त्यांनीं त्याच्या हातीं पाना द्यावा.