संकरित सरकी आणि लहान हात

कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि सायंकाळपर्यंत कोमेजू लागते. एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असल्यामुळे त्याचे फलन बहुतांशी आपल्या आपणच घडून येते. माणसाने त्यात पडण्याचे कारण नसते. परंतु दोन निरनिराळ्या वाणांचा संकर करावयाचा असेल, तर निसर्गाच्या या व्यवस्थेत हात घालावा लागतो. आणि तो अक्षरशः हातच असतो, यंत्र नव्हे. मादी म्हणून लावलेल्या झाडावरील जी कळी उद्या उमलणार, ती आदल्या दिवशी दुपारनंतर हेरून अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या व पुंकेसरांची नळी सोलून काढावयाची. आतील स्त्रीकेसराला धक्का लागू द्यावयाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाची ताजी फुले खुडून आणून त्यांतील पराग त्या स्त्रीकेसरावर घासावयाचे, आणि हे सारे दुपार चढण्यापूर्वी उरकावयाचे. एखादी कळी नजरेतून सुटली, तर ती स्वतःच फळते आणि बियाणे अशुद्ध होते. असा हा क्रम हंगामाचे दोन-अडीच महिने अखंड चालतो.

आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि गुजरात या प्रदेशांत हे काम कित्येक वर्षे फार मोठ्या प्रमाणावर मुलांनी, आणि त्यांतही विशेषेकरून मुलींनी केलेले आहे.

या गोष्टीचा उगम एका खऱ्याखुऱ्या शास्त्रीय यशात आहे. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा वाण सिद्ध केला. व्यापारी लागवडीस आलेली ती जगातील पहिली संकरित कपाशी होय. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आली. उत्पन्न वाढले, धागा लांब झाला, शेतकरी हरखला. मात्र संकरित पिकाची सरकी पुढल्या वर्षी पेरली, तर तिच्यात पहिल्या पिढीचे गुण टिकत नाहीत. म्हणून दर साल नवे बियाणे विकत घ्यावे लागते. कपाशी पिकविणारे इतर अनेक देश सरळ वाणांवरच राहिले. भारताने संकराची वाट धरली, आणि २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तीही संकरित वाणांच्याच रूपाने. तेव्हा देशभर पेरल्या जाणाऱ्या सरकीमागे कोणीतरी एकेक फूल हाताळलेले असते.

मुलेच का? ‘मुलांची बोटे नाजूक, मुले चपळ,’ असे उत्तर शेतमालक देतात. ते फारसे खरे नाही. प्रौढ स्त्रिया हेच काम तितक्याच सफाईने करतात. खरे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. बियाण्याची कंपनी स्वतः शेती करीत नाही. ती मध्यस्थामार्फत शेतकऱ्याशी करार करते आणि खरेदीचा दर आधीच ठरवून टाकते. खत, औषध, पाणी यांच्या किमती शेतकऱ्याच्या हाती नसतात. खर्चाचा सर्वांत मोठा भाग मजुरीचा, आणि कमी करता येण्याजोगा तोच एक. प्रौढाहून मुलाला कमी पैसे दिले म्हणजे हिशेब जुळतो. शिवाय मूल तक्रार करीत नाही आणि अधिक तास राबते. हंगामापूर्वीच आईबापांच्या हाती उचल पडलेली असते. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्यांस हा शब्द समजावून सांगावयास नको. उत्तर गुजरातेतील शेतांवर तर डुंगरपूर, बांसवाडा, उदयपूर या भागांतील आदिवासी मुले ‘मेट’ म्हणविणाऱ्या मुकादमाबरोबर येत.

परिणाम शेतातच दिसू लागतात. कपाशीवर फवारणी वारंवार होते, आणि वाढलेले झाड मुलाच्या तोंडापर्यंत येते. डोके दुखणे, चक्कर, अंगावर पुरळ या तक्रारी नेहमीच्याच. शाळा उघडते तेव्हाच हंगामही उघडतो. पहिले काही महिने गेलेले मूल वर्गात परतले तरी मागे पडते, आणि एक दिवस येईनासे होते. गावातील प्रौढांची मजुरीही मुलांच्या मजुरीमुळे खाली दबून राहते, आणि दबलेल्या मजुरीमुळे पुन्हा मुलाला कामावर धाडावे लागते.

दारिद्र्य हेच याचे एकमेव कारण मानणाऱ्यांना हैदराबादेतील एका कार्याने उत्तर दिले. विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविणाऱ्या प्रा. शांता सिन्हा आणि त्यांचे एम. व्ही. फाउंडेशन यांनी रंगारेड्डी जिल्ह्यात काम आरंभिले, ते शाळेत नसलेले प्रत्येक मूल श्रमिकच होय या भूमिकेवरून. शेतावरून सोडविलेल्या मुलांना काही महिने निवासी शिबिरात ठेवून, त्यांच्या वयाच्या इयत्तेत बसविण्याची तयारी करून घेतली जाई. अगदी गरीब आईबापही, गावाने पाठ थोपटली तर, मुलीला शाळेत धाडतात, असे तेथे दिसून आले. सिन्हा यांना २००३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

कायदा मात्र सावकाश चालला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने ठराविक उद्योग व प्रक्रियाच निषिद्ध ठरविल्या. शेतीचा बहुतेक सारा पसारा त्याबाहेर राहिला. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील सुमारे १ कोटी १ लक्ष मुले कामावर आढळली. २००१ मध्ये हा आकडा १ कोटी २६ लक्ष होता. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई केली, पण कुटुंबाच्या कामात शाळेच्या वेळेनंतर व सुटीत हातभार लावण्याची मोकळीक ठेवली. दरम्यान बियाण्याची शेतीही मोठ्या मळ्यांवरून लहान शेतकऱ्यांच्या घरगुती तुकड्यांवर सरकत गेली होती. कळ्या सोलण्याची वेळ दुपारनंतरची. ती शाळा सुटल्यावरच्या सवलतीत बसू शकते. पराग घासण्याची वेळ मात्र सकाळची असते, नेमकी वर्गात हजेरी चालू असते तेव्हाची. आणि आदल्या दिवशी सोललेली कळी दुपारपर्यंतच थांबते.