सौरवीज आणि चहाची किटली

लखनौ शहरात घराच्या गच्चीला पूर्वीपासून एक मान आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ‘जमघट’ या नावाने तेथे पतंगांचा जो उत्सव साजरा होतो, त्याचे रंगपीठ म्हणजे ही गच्चीच. अलीकडे या शहरातील विकास नगरसारख्या वसाहतींत पतंगांच्या जोडीला निळसर काळ्या सौरफलकांच्या रांगाही गच्च्यांवर दिसू लागल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि ३ किलोवॅटच्या संचासाठी ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान देऊ केले. तेव्हापासून गच्चीवरची वीज ही मध्यमवर्गीय गृहस्थाच्या आटोक्यातील गोष्ट झाली. वीज घरची झाली की साहजिकच स्वयंपाकघरात विजेची किटली येते. आणि ती कोणती घ्यावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक राहत नाही.

प्रथम हिशेब पाहावा. एक लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. किटलीतून वाया जाणारी उष्णता धरली, तरी लिटरभर पाण्यास सुमारे ०.११ युनिट पुरते. भांडे कोणत्याही कंपनीचे असो, पाण्याची ही मागणी बदलत नाही. म्हणून दुकानात ‘कमी वॅटची, म्हणजे वीज वाचविणारी’ असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. १,५०० वॅटची किटली लिटरभर पाणी साडेचार मिनिटांत उकळवील. ७५० वॅटची त्याला नऊ मिनिटांहून अधिक वेळ घेईल. उलट, जितका वेळ अधिक, तितकी भांड्याच्या अंगातून निसटणारी उष्णताही अधिक.

मग बचत होते ती कोठे? ती मुख्यतः पाण्याच्या मापात होते. दोन पेल्यांसाठी तीनशे मिलिलिटर पाणी पुरे असते; परंतु किटली दीड लिटरची असली की हात आपोआप ती काठोकाठ भरतो. दिवसातून चार वेळा असे घडले, तर रोज सुमारे अर्धे युनिट निष्कारण खर्ची पडते. उत्तर भारतातील चांगल्या उन्हात १ किलोवॅटचे सौरफलक दिवसाकाठी साधारण चार युनिटे देतात. त्यांचा आठवा हिस्सा केवळ या सवयीत जातो. म्हणून लहान कुटुंबाने लहान किटली घ्यावी. निदान जिच्यावर पाण्याची पातळी दाखविणाऱ्या रेषा स्पष्ट आहेत आणि जी अगदी थोड्या पाण्यावरही चालते, अशी घ्यावी.

दुसरी बचत उकळी फुटल्यानंतरची आहे. पाण्याची वाफ करण्यास जी सुप्त उष्णता लागते, ती पाणी तापविण्याच्या उष्णतेच्या सहा-सात पट असते. १,५०० वॅटची किटली एक मिनिट जरी विनाकारण उकळत राहिली, तरी तेवढ्या विजेत आणखी पाव लिटर पाणी उकळले असते. येथे आपोआप बंद होण्याची सोय उपयोगी पडते. तिचे रहस्य साधे आहे: दोन वेगळ्या धातूंची जोडलेली एक पट्टी असते, वाफ लागताच तिचा एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि कळ सुटते. झाकण नीट लावलेले नसेल, तर वाफ पट्टीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही आणि किटली उकळतच राहते. दुहेरी भिंतीची किटली पाणी अधिक काळ ऊन ठेवते. जेथे नुसते कोमट पाणी प्यायचे, तेथे ६० अंशांवर थांबणारी किटली निम्म्या विजेत काम भागवते. मात्र पाणी निर्जंतुक करावयाचे असेल, तर ते खळखळून उकळलेच पाहिजे.

आता सौरविजेचा विशेष. ज्या घराचा संच सरकारी वीजजाळ्याशी जोडलेला आहे आणि ज्याची वीज दुहेरी मीटरने मोजली जाते, त्या घरी दुपारी जाळ्याला दिलेली युनिटे पहाटेच्या चहाच्या खात्यात वळती होतात. अशा घराने किटलीच्या वॅटची चिंता करू नये. परंतु एक गैरसमज दूर झाला पाहिजे. वीजपुरवठा खंडित झाला की असा साधा संच भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कामगाराच्या जिवास धोका पोहोचू नये, म्हणून तशी योजनाच केलेली असते. त्या वेळी किटली चालवावयाची, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर हवा. दिवे-पंख्यांपुरता बसविलेला लहान इन्व्हर्टर १,५०० वॅटचा भार पेलत नाही. तेथे ६०० वा ८०० वॅटची लहान किटलीच इष्ट. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल आणि ऊन पाण्याची गरज अवेळी पडत असेल, तर हा विचार खरेदीपूर्वीच व्हावयास हवा. जानेवारीत लखनौवर दाट धुके उतरते, तेव्हा फलकांची सकाळची वीज अगदीच तुटपुंजी असते. बॅटरीवर अवलंबून असणाऱ्यांनी दुपारी पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

सुरक्षिततेचा मुद्दा शेवटी येतो, पण तो गौण नव्हे. १,५०० वॅटची किटली सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह ओढते. सहा अँपिअरच्या साध्या प्लगला तो झेपत नाही. तिला सोळा अँपिअरचा, नीट अर्थिंग केलेला प्लगच हवा आणि किटलीवर आय. एस. आय. चिन्ह हवे. गंगेच्या खोऱ्यातील भूजल बहुधा कठीण असते. त्याचा पांढरा थर तळाशी साचला की तापण्यास वेळ लागू लागतो. लिंबाचा रस घातलेले पाणी उकळून काही वेळ तसेच ठेवले, तर तो थर सुटतो.

राहिला दुधाचा, आले घालून उकळलेला चहा. तो किटलीत करू नये. दूध तळाला लागते, करपते आणि उतू जाऊन वीज असलेल्या भागांत शिरते. किटलीत पाणी उकळून घ्यावे आणि पुढचे काम शेगडीवर पातेल्यात करावे. त्याने सिलिंडरही काही दिवस अधिक पुरतो, आणि चहाच्या चवीतही उणेपणा येत नाही.