आगाऊ मतदानाचे राज्यवार चित्रण
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नियत दिवसापूर्वीच टपालाने किंवा केंद्रावर जाऊन मत देण्याची सोय बहुतेक घटकराज्यांत आहे. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत अशी दहा कोटींहून अधिक मते पडली व त्यांचे राज्यवार नकाशे रोज प्रसिद्ध होत राहिले. नकाशा रंगविणे सोपे आहे. तो कशाच्या प्रमाणात रंगवावा, हा प्रश्न मात्र बिकट होय.

टेक्सासचे उदाहरण घ्यावे. तेथील आगाऊ मते सुमारे ९७ लाख होती. २०१६ मध्ये त्या राज्यात एकूण मतदानच सुमारे ९० लाख झाले होते. या संख्येने भागल्यास प्रमाण १०८ टक्के येते. तोच आकडा नोंदलेल्या सुमारे १ कोटी ७० लाख मतदारांच्या संख्येने भागल्यास तो ५७ टक्क्यांवर उतरतो. एका नकाशात राज्य गडद, दुसऱ्यात मध्यम. मतपेटीतील एकही मत मात्र बदललेले नसते. शिवाय नोंदणीचा छेद सर्वत्र लागू पडत नाही, कारण नॉर्थ डकोटात मतदारनोंदणीच नाही. म्हणून मताधिकारास पात्र अशा लोकसंख्येचा छेद, तो अंदाजावर आधारलेला असला तरी, तुलनेस अधिक न्याय्य ठरतो.

छेद सुधारला तरी कायद्यांतील भेद उरतोच. ओरेगनमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते; मिसिसिपीत आगाऊ मतासाठी कायद्याने मान्य केलेले कारण दाखवावे लागते. तेथील फिका रंग हे जनतेच्या उदासीनतेचे लक्षण मानणे चूक होईल. अशी राज्ये रंगाऐवजी रेघांनी दाखवावीत, हे बरे.

क्षेत्रफळाचा दोष तर सर्वपरिचित आहे. मोंटाना न्यू जर्सीच्या सुमारे सतरापट विस्तृत, परंतु न्यू जर्सीची लोकसंख्या मोंटानाच्या आठपटींहून अधिक. लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळे काढल्यास हा भ्रम बराच टळतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे या नकाशांवरून निकालाचे भाकीत करणे. आगाऊ मत देणारे हे सर्व मतदारांचे प्रातिनिधिक नमुने नसतात. पेनसिल्व्हानियात २०२० मध्ये टपाली मतांपैकी सुमारे तीनचतुर्थांश बायडेन यांना मिळाली, तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर पडलेल्या मतांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश ट्रम्प यांना; आणि टपाली मतांचे लखोटे उघडण्यास तेथील कायद्याने मतदानाच्या दिवसाच्या सकाळपर्यंत मनाई होती. त्यामुळे त्या रात्रीची आघाडी पुढील दिवसांत पालटत गेली, आणि गैरप्रकाराच्या आरोपांना तेवढेच निमित्त पुरले.