टचपॅड ऐकेना? दुकान गाठण्याआधी एकदा चार्जर काढून पाहा

ऑनलाइन अर्जाची मुदत रात्री बाराला संपते आणि घड्याळात साडेअकरा झालेले असतात. नियम-अटींचा मजकूर शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय 'पुढे' हे बटण उजळत नाही. टचपॅडवर दोन बोटे कितीही फिरवा, पान जागचे हलत नाही. अशा वेळी टचपॅड दुरुस्त करत बसू नका. त्या मजकुरावर एकदा क्लिक करा आणि 'पेज डाउन' किंवा खाली जाणारा बाण दाबा. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला 'टॅब', खूण करायला 'स्पेस', बटण दाबायला 'एंटर'. अर्ज भरून होईल. टचपॅडचे दुखणे सकाळी पाहता येते.

माझ्या लॅपटॉपचे दुखणे स्क्रोलचे नव्हते, ड्रॅगचे होते. फाइल धरून दुसऱ्या फोल्डरकडे न्यायला लागलो की अर्ध्या वाटेत सुटायची. एकदा फोटोंचे अख्खे फोल्डर भलत्याच ठिकाणी पडले आणि अर्धा तास शोधण्यात गेला. (असे झाले तर घाबरू नका. लगेच 'कंट्रोल' आणि 'झेड' दाबले की फाइल मूळ जागी परत येते. मला तेव्हा सुचले नाही.) दुकानदार म्हणाला, 'पॅड गेलंय. आधी फॉरमॅट मारून बघू, नाही तर बदलू.' घरी आल्यावर वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि ड्रॅग अगदी व्यवस्थित होऊ लागले. दोष पॅडमध्ये नव्हताच. चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगला मी दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला होता.

बोट आणि वीज

टचपॅडला दाब कळत नाही, कळते ती बोटाची वीज. पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या तारांची बारीक जाळी असते. बोट जवळ आले की त्या जागी साठलेला विद्युतभार किंचित बदलतो आणि चिप तो बदल मोजून बोट कुठे आहे, किती बोटे आहेत हे ठरवते. मोबाइलचा पडदाही साधारण असाच चालतो. मोजमाप इतके नाजूक असल्यामुळे बाहेरची थोडीशी विद्युत गडबडही त्यात मिसळते.

ही गडबड बहुतेक वेळा चार्जरमधून येते. चार्जरच्या रचनेमुळे अगदी सूक्ष्म प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीकडे येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. तिसरी पिन कन्व्हर्टरने तोडली, किंवा जुन्या चाळीत, वाड्यात असते तशी भोक आहे पण मागे तारच नाही अशी स्थिती असेल, तर त्याला वाट मिळत नाही. धातूच्या बॉडीवर मनगट टेकल्यावर हलक्या झिणझिण्या येत असतील, तर संशय इथेच घ्या. चार्जर काढा आणि पाच मिनिटे बॅटरीवर काम करा. कर्सरच्या उड्या थांबल्या तर लॅपटॉप निरोगी आहे. कन्व्हर्टर काढून चांगल्या सॉकेटमध्ये प्लग लावा, स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर असेल तर मूळ चार्जरने तपासा आणि वायरमनकडून घराचे अर्थिंग बघून घ्या. ते टचपॅडपेक्षा घरातल्या माणसांसाठी जास्त गरजेचे आहे.

घामेजलेली बोटे आणि पॅडवर साचलेला तेलकट थर यांनीही हाच गोंधळ होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हमखास. लॅपटॉप बंद करून मऊ फडके किंचित ओलसर करून पुसा. पाणी थेट पॅडवर उडवू नका.

दोन बोटे आणि एक अंगठा

स्क्रोल करताना बोटे एकमेकांना चिकटली तर पॅडला ती एकच वाटू शकतात. मग पान सरकण्याऐवजी कर्सर पळतो. बोटांत थोडी फट ठेवा. तरीही फरक नसेल तर सेटिंग बघा. विंडोज ११ मध्ये 'विंडोज' आणि 'आय' ही बटणे एकत्र दाबली की सेटिंग्ज उघडते. तिथे 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'टचपॅड'. टचपॅड अजिबातच हलत नसेल तर आधी तिथले मुख्य बटण चालू आहे का पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या एका बटणावर टचपॅडचे छोटे चित्र असते आणि चुकून ते दाबले गेल्याने पॅड बंद होतो. 'स्क्रोल अँड झूम' या भागात दोन बोटांच्या स्क्रोलची खूण असते आणि दिशाही तिथेच बदलता येते. 'बोट खाली नेले की पान वर जाते' ही तक्रार बिघाडाची नाही. मोबाइलसारखी ही उलटी दिशा अॅपलने २०११ मध्ये मॅकवर आणली तेव्हाही लोक असेच चक्रावले होते. मॅकवर 'ट्रॅकपॅड'च्या सेटिंगमध्ये 'नॅचरल स्क्रोलिंग' बंद केले की झाले.

स्क्रोल करायला गेल्यावर पान लहान-मोठे होत असेल, तर 'कंट्रोल'चे बटण अडकले आहे का ते पाहा. पान आपोआप सरकत असेल, तर जोडलेला माउस आणि गेमचा रिमोट काढून पाहा. माउसच्या चाकात अडकलेला कचराही हे करतो. बिचाऱ्या पॅडवर आळ येतो.

ड्रॅगचे गणित जरा अवघड आहे. पूर्वीच्या लॅपटॉपना पॅडखाली दोन वेगळी बटणे असत. आता अख्खा पॅडच बटण आहे. त्यामुळे एक बोट दाबून धरलेले आणि दुसरे सरकणारे, असे दिसले की हे ड्रॅग आहे की स्क्रोल, हे पॅडला ओळखावे लागते. त्यातच तळहात टेकला तर तिसरे बोट आल्यासारखे होते. शिवाय बऱ्याच पॅडची बिजागरी वरच्या कडेला असते, म्हणून वरच्या भागात दाबले तर क्लिक लागत नाही. दोन हात वापरा. डाव्या अंगठ्याने पॅडचा खालचा डावा कोपरा दाबून धरा आणि उजव्या हाताच्या एका बोटाने सरकवा. पॅडची कड आली तर बोट उचलून पुन्हा मध्ये ठेवा, अंगठा मात्र सोडू नका. दाबणे जमत नसेल तर एकदा टॅप करा, लगेच दुसऱ्यांदा टेकवून बोट न उचलता सरकवा.

ज्यांचा हात थरथरतो किंवा बोटे दुखतात, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 'क्लिकलॉक' आहे. माउसच्या सेटिंगमधून 'अॅडिशनल माउस सेटिंग्ज' उघडल्यावर पहिल्याच पानावर ते दिसते. क्षणभर दाबून सोडले की फाइल धरलेली राहते, पुन्हा क्लिक केल्यावर सुटते. घरातल्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर हे चालू करून द्यावेच. मॅकवर 'अॅक्सेसिबिलिटी'मधील 'पॉइंटर कंट्रोल'मध्ये तीन बोटांनी ड्रॅग करण्याची सोय आहे.

पॅड उचलला गेलाय का?

लॅपटॉप टेबलावर ठेवून बाजूने, डोळे पॅडच्या पातळीवर आणून पाहा. पॅड मध्ये फुगलाय किंवा एका कडेने वर आलाय? क्लिक कडक झाले आहे, किंवा न दाबताच लागते आहे? झाकण नीट मिटत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो? मग इथे सेटिंगचा संबंध नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी पॅडच्या खाली किंवा शेजारीच असते. लिथियम बॅटरी जुनी झाली किंवा कायम चार्जिंगला आणि उष्णतेत राहिली, की आत वायू तयार होऊन ती फुगते आणि पॅडला खालून ढकलते.

अशा वेळी पॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका आणि गादीवर, उन्हात ठेवू नका. बॅटरीला टोचले किंवा ती वाकली तर आग लागू शकते, म्हणून घरी स्क्रू उघडणेही नको. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलल्यावर पॅडचे दुखणे अनेकदा आपोआप जाते. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा संकलन केंद्राकडेच द्या.

अपडेटनंतर बिघडला असेल तर

विंडोज अपडेट झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधी 'रीस्टार्ट' करा. अनेक लॅपटॉपमध्ये 'शट डाउन' केल्याने विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, 'रीस्टार्ट'ने होते. तेवढ्याने भागले नाही तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये टचपॅड शोधा. कधी तो माउसच्या गटात, तर कधी 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'खाली असतो. त्याच्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' उजळलेले असेल तर जुना ड्रायव्हर परत येतो. नवा ड्रायव्हर हवा तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, आपले मॉडेल पाहून घ्या.

कंपनीचा नंबरही त्याच संकेतस्थळावर किंवा बिलावर पाहा. शोधयंत्रात 'कस्टमर केअर' टाकून मिळालेला नंबर भामट्याचा असू शकतो. तिकडून कोणी 'स्क्रीन शेअर करणारे अॅप टाका' म्हणाले तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

एवढे करूनही दुकानात जावे लागले, तर चार्जर सोबत न्या आणि त्रास नेमका कधी होतो ते सांगा: चार्जिंगवर असताना की नेहमी, एकाच प्रोग्रॅममध्ये की सगळीकडे. साधा यूएसबी माउस लावून तिथेच ड्रॅग करून दाखवायला सांगा. माउसनेही फाइल सुटत असेल, तर पॅड बदलून उपयोग नाही. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.