विजया : दिवा आणि बीज

ग्रहणीच्या एका रुग्णास आम्ही जातीफलादी चूर्ण दिले होते. पहिल्या डबीने उत्तम उतार पडला. दुसरी डबी त्याच मात्रेत दिली असता तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत राहिला. अनुपान तेच, पथ्यही तेच. बदलली होती ती केवळ चूर्णाची बॅच. तेव्हापासून विजयेच्या तीव्रतेतील हा चढउतार आमच्या चिंतनाचा विषय झाला.

याविषयी नेदरलँड्स व कॅनडा येथील बंदिस्त लागवड बोधप्रद आहे. तेथे औषधी गांजा दिव्यांखाली वाढवितात; नेदरलँड्समध्ये तो २००३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधालयांत मिळतो. अशा लागवडीत विजेचा खर्च मोठा. उंच झाडाच्या खालच्या पानांपर्यंत दिव्याचा प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, आणि फुलोरा लांबला की वीज अधिक जळते. म्हणून पैदासकारांनी उष्ण प्रदेशातील उंच वाणांचा अफगाणिस्तानातील बुटक्या, लवकर फुलणाऱ्या वाणांशी संकर केला. निवडलेल्या एकाच मातृरोपाची छाटकलमे लावल्याने सारे पीक एकसारखे निघते.

पॉटर व डन्कोम्ब यांच्या २०१२ मधील अभ्यासात दिव्यांची शक्ती प्रति चौरस मीटर २७० वरून ६०० वॅट केली असता एकूण उत्पन्न वाढले. मात्र प्रति वॅट उत्पन्न १.६ ग्रॅमवरून ०.९ ग्रॅमवर उतरले. टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण मुख्यत्वे वाणावर अवलंबून राहिले. तात्पर्य, प्रकाशाने राशी वाढते. वीर्य ठरते ते बीजाने.

आपल्याकडे परवान्याविना लागवड हा गुन्हा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या व्याख्येतून फुलोराविरहित पाने वगळलेली असली, तरी त्यांवर राज्याचे नियम लागू आहेत. त्यामुळे दिव्यांखालील लागवड आपले अनुकरणीय नव्हे. अनुकरणीय आहे तो एकसारखेपणाचा आग्रह. आपल्या बाजारातील भांग कोणत्या बीजाची, हे आपण विचारतो काय?

औषधनिर्मात्या बंधूंस आमची विनंती आहे की, भांगेचा उगम नोंदवावा, पानांत फुलोरा मिसळलेला नाही हे पाहावे, शोधन टाळू नये व प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत तपासणी करावी. वैद्यांनीही नव्या बॅचचा आरंभ अल्प मात्रेनेच करावा. विजया अनुसूची ई(१) मधील विषद्रव्य आहे; तिच्या मात्रेत अंदाजास स्थान नाही.